हरकरे काय काम करायचे

"हरकरे तुमच्यासाठी नेमकं काय काम करायचे?" मी विचारलं.

मोहरीलांनी ओठांशी नेलेला चहाचा कप तसाच खाली ठेवला. उठले, केबिनचं दार लावून घेतलं आणि परत येऊन बसले. मघाशी 'या या, बसा' म्हणणारा माणूस तो हाच का, असं वाटावं इतका त्यांचा चेहरा बदलला होता.

"मॅडम, तुम्हाला कोणी पाठवलंय?"

"कोणी नाही. मीच आले. बर्डीपर्यंत बस मिळाली, पुढे रिक्षा केली."

"तसं नाही हो. म्हणजे, कोणाच्या सांगण्यावरून?"

"कोणाच्याच नाही. मला माहीत नाही, म्हणून विचारतेय."

खरोखरच मला माहीत नव्हतं. हरकरे म्हणजे माझे पती. गावात सगळे त्यांना भाऊ म्हणत. आम्ही एका कॉलेजात होतो, तेव्हापासून मी त्यांना आडनावानेच हाक मारायची, ती सवय लग्नानंतरही सुटली नाही. ते कधी निवडणुकीला उभे राहिले नाहीत, पक्षात त्यांना कुठलं पद नव्हतं. पण साहेब नगरसेवक होते तेव्हापासून हरकरे त्यांच्या बरोबर होते. साहेब आमदार झाले, मग खनिकर्म खात्याचे मंत्री झाले आणि हरकरे त्यांच्या बंगल्यावर तसेच जात राहिले. सकाळी आंघोळ करून, पांढरा बुशशर्ट घालून निघायचे, दुपारी जेवायला घरी यायचे, तासभर लवंडायचे, संध्याकाळी पुन्हा बंगल्यावर. काय करता म्हणून कोणी विचारलं तर मी 'पक्षाचं काम' सांगायची. निवृत्त होईपर्यंत मी शाळेत विज्ञान शिकवत होते. माझा दिवस मुलांमध्ये जायचा. त्यांचा कुठे जातो याचा मी कधी माग घेतला नाही.

घर आणि गाडी मात्र माझ्या पगारातून आलेली नव्हती. हरकऱ्यांनी एक सल्लागार कंपनी काढली होती. तीन मोठ्या कंपन्या तिला दरमहा सल्ल्याचे पैसे द्यायच्या. तिचे दोन संचालक, ते आणि मी. पेन्सिलची फुली दिसेल तिथे सही करायची, एवढंच माझं संचालकपण.

एप्रिलमध्ये ते हृदयविकाराने गेले. अंत्यदर्शनाला सगळ्यात मोठं पुष्पचक्र तारांगण सिमेंटचं होतं आणि ते ठेवलं होतं याच मोहरीलांनी. ते कंपनीचे उपाध्यक्ष होते. सरकार-दरबारची कामं त्यांच्याकडे होती. म्हणजे हरकरे गेल्याचं कंपनीला पक्कं ठाऊक होतं. असं असूनही जुलैमध्ये बँकेतल्या बाईंनी मला नाव बदलायच्या कागदांसाठी बोलावलं तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "तुमचं बरं आहे मॅडम, तीनही कंपन्यांचं सल्ला-शुल्क अगदी वेळच्या वेळी येतंय."

"अजून येतंय?"

"हो ना. मेचं आलं, जूनचं आलं, कालच जुलैचंही आलं."

गेलेला माणूस कसला सल्ला देतो? त्या रात्री मला झोप आली नाही असं नाही. छान झोप लागली. पण सकाळी उठल्यावर पहिला विचार तोच आला. वर्गात एखाद्या मुलाने 'असं का होतं?' विचारलं आणि मला उत्तर येत नसलं की मी घरी जाऊन शोधून काढायची. तशीच ही गोष्ट शोधून काढू म्हटलं आणि तिन्हींमधल्या सगळ्यात मोठ्या कंपनीत, तारांगणमध्ये, मोहरीलांकडे आले.

"हरकरे साहेबांचं आम्हाला फार मोलाचं मार्गदर्शन होतं," मोहरील म्हणाले.

"कशाबद्दल?"

"एकूणच. धोरणात्मक बाबी असतात ना."

"पण त्यांना सिमेंटमधलं काही कळत नव्हतं हो. आमची गच्ची गळायला लागली तेव्हा गवंडी जे सांगेल ते खरं."

मोहरील हसले. मग आपण हसायला नको होतं, असं वाटून थांबले.

"शेवटचा सल्ला कधी दिला त्यांनी?"

"मार्चमध्ये असेल."

"मग मे-जूनमध्ये कोणी दिला?"

ते माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात मला चक्क आदर दिसला आणि मी गोंधळले. मोठमोठ्या माणसांनी माझ्याकडे असं कधी पाहिलेलं नव्हतं.

"मॅडम, हरकरे साहेब तुमच्याबद्दल कधी काही बोलले नाहीत," ते म्हणाले. "आम्हाला वाटायचं, तुम्ही शाळेत असता."

"शाळेतच होते."

"हो, हो. आलं लक्षात." त्यांनी आवाज खाली आणला. "मला थोडा वेळ द्या. मुंबईला विचारावं लागेल. तुमची नाराजी राहणार नाही."

"मी नाराज नाहीच आहे."

"तेच म्हणतोय मी. राहणार नाही."

मला सोडायला ते लिफ्टपर्यंत आले. खाली कंपनीची गाडी उभी होती आणि मी नको नको म्हणत असताना ड्रायव्हरने मागचं दार उघडून धरलं.

गाडीतून मी घरी न जाता पांढरीपांड्यांकडे गेले. अविनाश पांढरीपांडे म्हणजे आमचे सीए, हरकऱ्यांचे जुने मित्र. पेन्सिलच्या फुल्या त्यांच्याच हातच्या असत. मी कुठून आले हे ऐकताच त्यांनी डोक्याला हात लावला.

"वहिनी, तुम्ही तिथं गेल्या कशाला?"

"विचारायला."

"काय विचारायला?"

"हरकरे काय काम करायचे ते. तुम्हाला माहीत आहे का?"

"सल्ला द्यायचे."

"कसला?"

पांढरीपांड्यांनी पंखा वाढवला. मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि लहान मुलाला समजवावं तसं हळूहळू बोलायला लागले. "हे बघा. भाऊनं काही काम केलं नसेल, तर पैसे कशाचे घेतले? त्याला लाच म्हणतील. बरं, काम केलं असेल, तर मंत्र्याच्या बाजूला बसणाऱ्या माणसानं कंपनीचं काम काय केलं असेल? त्यालाही लाचच म्हणतील. दोन्हीकडून तेच. म्हणून हा प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही. मीसुद्धा भाऊला कधी विचारला नाही."

"मग आता पैसे कशाला देतात? आता तर बसायलाही कोणी नाही."

"बंद करायचं तर कोणीतरी वर जाऊन सांगावं लागेल ना, की इतके दिवस हे का चालू होतं म्हणून. कोण सांगेल? येतंय तर येऊ द्या, वहिनी. राहतं घर तुमच्या सल्लागार कंपनीच्या नावावर आहे, हे विसरू नका."

घर कंपनीच्या नावावर आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. विसरायचा प्रश्नच नव्हता.

पुढच्या महिन्यात बँकेच्या बाईंचा फोन आला. तारांगणचं शुल्क दीडपट झालं होतं. त्याहून नवल म्हणजे ज्या दोन कंपन्यांकडे मी फिरकलेच नव्हते, त्यांनीही तेवढीच वाढ केली होती. मी एक साधा प्रश्न विचारला होता, आणि तो माझ्यापेक्षा जोरात गावभर फिरून आला होता.

मी पुन्हा मोहरीलांकडे गेले. या वेळी मला खाली वाट बघत थांबावं लागलं नाही. नाव सांगताच वर नेलं.

"ही वाढ परत घ्या," मी म्हटलं. "आणि मूळचेही पैसे थांबवा. मला फक्त माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या."

मोहरीलांच्या कपाळावर घाम आला. "म्हणजे हे कमी पडतंय का, मॅडम?"

"अहो, मी परत घ्या म्हणतेय!"

"ते मला समजतंय. माझ्या हातात जेवढं होतं तेवढं मी केलं. याच्या पुढचं..." त्यांनी वर बोट दाखवलं. "तुम्ही साहेबांशीच बोलून घेतलंत तर बरं."

आठवीच्या वर्गात मी काय वाटेल ते समजावून सांगू शकायची. पण 'नको' या शब्दाचा अर्थ 'नको' असा होतो, हे त्या माणसाला समजावणं मला जमलं नाही.

साहेबांकडे जायची वेळ आली नाही. तेच आले. दुपारची वेळ होती. दिव्याची गाडी नाही, पोलीस नाहीत, एका साध्या पांढऱ्या गाडीतून एकटेच उतरले. साहेबांना मी खूप वर्षं ओळखत होते. मंत्री व्हायच्या आधी ते कितीदा तरी आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवले होते. अधिवेशनाच्या दिवसांत तर आमच्या घरी पंगती उठायच्या. त्या दिवशीही ते बैठकीत न बसता सरळ आत जेवणाच्या टेबलाशी येऊन बसले. मी पातोडीचा रस्सा केला होता, तो वाढला. ते जेवायला लागले.

"वहिनी," ते म्हणाले, "हे काय चालवून राहिल्या तुम्ही? काय पाहिजे ते मला सांगा ना. भाऊच्या माघारी तुम्हाला काही कमी पडू देईन का मी?"

"काही नको मला. हरकरे काय काम करायचे, एवढं सांगा."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "भाऊ काही लिहून-बिहून गेला का?"

"ते किराण्याची यादीसुद्धा लिहीत नसत. तुम्हाला माहीत आहे."

"तेही खरं आहे म्हणा," ते हसले. पण त्यांचा विश्वास बसलेला नव्हता. डोळे बैठकीतल्या कपाटाकडे गेले आणि परत आले.

"ते तुमच्याकडे कोणाची कामं घेऊन यायचे का?" मी विचारलं. "सिमेंटवाल्यांची वगैरे?"

"नाही ना बाप्पा! खरं सांगतो, अन्नावर बसलो आहे. इतक्या वर्षांत भाऊनं माझ्याकडं कोणाचं एक काम आणलं नाही. म्हणून तर तो मला जवळचा होता. बाकी सगळे आत आले की खिशातून कागद काढायचे. भाऊ नुसता बसायचा."

"मग त्या तीन कंपन्या पैसे कशाचे देत होत्या?"

"कोणत्या तीन?"

मी सांगितलं. महिन्याला किती तेही सांगितलं. साहेबांनी घास तसाच ताटात ठेवला.

"एवढे?"

त्या क्षणी त्यांचा चेहरा मी अगदी जवळून पाहिला. आजही आठवतो. एखादं बिंग फुटल्याची भीती त्यात मला दिसली नाही. आपल्याच घरात इतकी वर्षं एक दार होतं आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता, तशी ती मुद्रा होती. आता ते नाटक होतं की खरं, हे मी सांगू शकत नाही. राजकारणातली माणसं हुबेहूब चेहरा करतात. पण त्यांनी नंतर जे विचारलं ते नाटकात बसणारं नव्हतं.

"त्यांना वाटत असेल का, की ते पैसे मला पोचतात?"

"पोचत नव्हते?"

"वहिनी!" ते दुखावल्यासारखे म्हणाले. मग ताटात बोटाने रेघा काढत होते. "भाऊ माझ्या खोलीबाहेर बसायचा. आत यायचं असलं तर त्याला कोणी अडवायचं नाही. येणारे-जाणारे ते पाहायचे. बस्स. एवढंच केलं त्यानं. दुसरं काही केलं असेल तर मला माहीत नाही."

"तारांगणच्या खाणीचा पट्टा तुम्हीच मंजूर केलात ना?"

"केला. फाईल वाचून केला."

"तेव्हा हरकरे होते तिथे?"

"होता. फाईल माझ्यासमोर होती, तो कोपऱ्यात बसून पेपर वाचत होता. गावकऱ्यांचा विरोध होता, तलाव जातो म्हणून. मी विचारात पडलो होतो. सहज त्याच्याकडं पाहिलं." साहेब थांबले. "त्यानं मान हलवली."

"म्हणजे कर असं म्हणाले?"

"म्हणाला काहीच नाही. मान हलवली. मला वाटलं, कर म्हणून राहिला."

"पेपरात काही वाचून हलवली असेल तर?"

साहेबांनी ताट बाजूला सारलं. त्यांच्या मनात हा विचार कधी आलाच नव्हता.

हात धुऊन निघताना दारात म्हणाले, "हे कोणाजवळ बोलू नका. माझ्यासाठी नाही, भाऊच्या नावासाठी म्हणतो."

मला खोलीतल्या त्या कोपऱ्यात बसलेले हरकरे दिसत होते. ती मान त्यांनी जाणूनबुजून हलवली असेल का? ते होकार कसा द्यायचे हे मला माहीत होतं. ते मान वर-खाली न करता थोडी तिरकी करायचे. साहेबांनी पाहिलेली मान कशी होती, हे विचारायचं राहून गेलं.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात विरोधी पक्षाच्या एका आमदाराने विधानसभेत हा विषय काढला. तीन कंपन्या, मंत्र्याचा उजवा हात, आणि 'तो हात गेल्यावरही चालू असलेला सल्ला'. बातमी कोणी फोडली ते कधीच कळलं नाही. फाटकासमोर चॅनेलवाल्यांच्या गाड्या उभ्या राहिल्या. शेजारच्या बाई गच्चीवरून वाकून पाहायच्या. सरकारने चौकशी लावली आणि मला बोलावणं आलं.

आदल्या दिवशी पांढरीपांडे मागच्या दाराने आले. हातात एक जाड फाईल होती.

"हे भाऊचे अहवाल," ते म्हणाले. "कंपन्यांना त्यानं वेळोवेळी दिलेला सल्ला."

"हे त्यांनी लिहिले?"

"लिहिले असते तर असेच लिहिले असते. प्रत्येकावर संचालक म्हणून तुमची सही पाहिजे. मग कागदोपत्री काम दिसतं. घर वाचतं, भाऊचं नाव वाचतं, सगळे सुटतात. मोहरीलांकडं याच्याच प्रती पोचल्या आहेत."

"मी वाचते आणि सांगते."

"वाचायला काय आहे त्यात!"

पण वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे मी जुलैपासून ठरवलं होतं. ते ओट्याशी उभे राहून पाणी पीत होते आणि मी एकेक कागद उलटत होते. बहुतेक मजकूर कुठूनतरी उचललेला होता. धुळीचं नियंत्रण, रस्त्याकडेची झाडं. मग तारांगणच्या खाणीवरचा अहवाल आला. त्यात खाणीच्या हद्दीतल्या तलावाचं वर्णन 'पावसाळ्यापुरता भरणारा खड्डा' असं केलेलं होतं.

तो तलाव मी पाहिला होता. शाळेची सहल घेऊन गेले होते, आणि तीही मार्चमध्ये. काठोकाठ पाणी होतं. मासेमारी करणाऱ्या ढीवरांच्या बाया लहान लाकडी डोंग्यातून फिरून शिंगाड्याचे वेल काढत होत्या. मुलांना मी वेलाची तरंगती पानं हातात घेऊन दाखवली होती. एक मुलगी पाण्यात पडता पडता राहिली, म्हणून ती सहल मला चांगलीच लक्षात होती.

"हा खड्डा नाही," मी म्हटलं.

"काय?"

"अविनाशराव, हा तलाव आहे. बारमाही आहे. गाव जगतं त्याच्यावर."

"वहिनी, तो तलाव असो नाहीतर समुद्र असो, आपल्याला काय करायचं आहे? तुम्ही उद्या रस्त्यावर याल!"

"मी सही करणार नाही."

ते खूप बोलले. रागावले, मग डोळ्यांत पाणी आणलं. त्यांचं चुकीचं होतं असंही नाही. माझ्या काळजीनेच बोलत होते, थोडं स्वतःच्याही. मी फाईल बंद करून त्यांच्या हातात दिली. त्यांच्यासाठी चहा टाकला होता, तो न घेताच ते गेले. पुढे ते माझ्या घरी कधी आले नाहीत.

चौकशी अधिकारी लोखंडे नावाच्या बाई होत्या. पन्नाशीच्या आतबाहेर, साधी सुती साडी, आवाज शांत. त्यांनी मला पाणी दिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला:

"तुमचे पती या कंपन्यांसाठी नेमकं काय काम करत होते?"

मला हसू आलं. आवरायचा प्रयत्न केला, पण आवरेना. त्या बाई भुवया चढवून पाहत राहिल्या.

"माफ करा," मी म्हटलं. "गेले सहा महिने मी हेच सगळ्यांना विचारत फिरतेय."

"आणि?"

"मला मिळालेली उत्तरं सांगू का?"

"सांगा."

मी सांगितली. मोहरील काय म्हणाले, त्यांनी दार कसं लावलं, नको म्हटल्यावर पैसे कसे वाढले. पांढरीपांड्यांनी सांगितलेलं 'दोन्हीकडून तेच'. फाईल आणि तो तलाव. साहेब जेवायला बसले होते ते, खोलीबाहेरची खुर्ची, आणि मान हलवल्याचं. मी त्यात माझं काही घातलं नाही आणि कोणाचं काही गाळलं नाही. लोखंडेबाईंनी सुरुवातीला लिहिणाऱ्या कारकुनाकडे पाहून 'सावकाश' अशी खूण केली होती. नंतर त्या स्वतःच पुढे वाकून ऐकत होत्या.

"मान हलवली, हे मंत्र्यांनी स्वतः तुम्हाला सांगितलं?"

"हो. माझ्या स्वयंपाकघरात."

"यातून तुमचंही नुकसान होणार आहे, हे माहीत आहे ना? तुम्ही संचालक आहात."

"माहीत आहे."

"तरी सांगितलंत."

"तुम्ही विचारलंत ना," मी म्हटलं. "आणि विचारणाऱ्या तुम्ही एकट्याच भेटलात. बाकी सगळे मलाच विचारायचे, काय पाहिजे म्हणून."

पुढे व्हायचं ते झालं. खाणीचा पट्टा रद्द झाला, तो तलावामुळे. तलाव अजून तिथे आहे असं ऐकते. साहेबांना मंत्रिपद सोडावं लागलं. दीड-दोन वर्षांनी ते पुन्हा मंत्री झाले, खातं तेवढं वेगळं होतं. मोहरील दुसऱ्या कंपनीत गेले, बढती घेऊन. पांढरीपांड्यांना काही महिने कचेऱ्यांचे हेलपाटे घालावे लागले. माझ्यावर खटला झाला नाही, साक्षीदार म्हणून तारखांना जात राहिले. घर मात्र जप्त झालं. मी माझी पुस्तकं, भांडी आणि हरकऱ्यांचा एक फोटो घेऊन वर्ध्याला बहिणीच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहायला आले. पेन्शन होती. शिकवण्या सुरू केल्या. वाईट नव्हतं. पण मूळ प्रश्न तिथेच होता. चौकशीचा जाडजूड अहवाल आला, त्यातही 'कामाचे स्वरूप स्पष्ट होऊ शकले नाही' असंच लिहिलेलं होतं.

ते स्पष्ट झालं ते वर्ध्याला, एका सकाळी.

दारात एक गृहस्थ उभे होते. टाय, चकचकीत बूट, हातात मिठाईचा खोका. रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीचं नाव त्यांनी सांगितलं. मी त्यांना आत बसवलं.

"मॅडम, आमची इच्छा आहे की आपण आमच्या सल्लागार व्हावं."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "मी कोण आहे ते माहीत आहे ना तुम्हाला? त्या चौकशीत मीच बोलले होते."

"म्हणूनच तर आलो, मॅडम." ते भारावल्यासारखे म्हणाले. "तुमच्या एका जबाबावर मंत्र्याला घरी जावं लागलं. आमचे मालक म्हणाले, अशी व्यक्ती आपल्याबरोबर पाहिजे."

"पण मला रस्त्यांमधलं काही कळत नाही."

"कळायची गरज नाही."

"मग काम काय करायचं?"

"काम काहीच नाही."

"कोणाला भेटायचं? फोन करायचे?"

"छे, छे. कोणालाही नाही. तुम्ही फक्त हो म्हणायचं. बाकी सगळं आपोआप होतं."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. कधीतरी, मी शाळेत असताना, आमच्याही दारात असाच कोणीतरी मिठाईचा खोका घेऊन आला असेल. हरकऱ्यांनी त्याला बसवलं असेल, पाणी दिलं असेल. काम काय विचारलं असेल, नसेल. आलेल्या माणसाला दुखवणं त्यांच्या जिवावर यायचं. पंगतीत कोणी वाढायला आलं तर पोट भरलेलं असूनही ते हात आडवा करत नसत. त्यांनी मान थोडी तिरकी केली असेल. त्यांनी केलेलं सगळं काम तेवढंच. त्यानंतर त्यांना काही करावं लागलं नाही, आणि पुढे ते थांबवणंही त्यांच्या हातात राहिलं नाही.

"नाही," मी म्हटलं.

"घाई नाही मॅडम, विचार करून..."

"विचार झाला. नाही म्हणजे नाही. आणि हा खोका घेऊन जा."

त्यांनी बिलकूल वाईट वाटून घेतलं नाही. खोका उचलला, बूट घातले, आणि उंबऱ्याबाहेर गेल्यावर मागे वळून अगदी नम्रपणे विचारलं, "मग दुसरं कोणी सुचवाल का?"

आमच्या घराकडे कोणी खराखुरा सल्ला मागितला असेल तर तो तेवढाच. मी तो न देता दार लावून घेतलं.